खाजाचं नाक आणि आमचा बर्फ कारखाना

बर्फातलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या लातूर जिल्ह्यात कुणाला कळत नाही. छत्तीस वर्षं लाद्या काढल्यात या हातांनी. आता घरच्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रे मला निघत नाही, ही गोष्ट वेगळी. परवा जोर लावून ओढला तर ट्रेचे दोन तुकडे हातात आले अन् बर्फ जागच्या जागी राहिला. बायको म्हणाली, "छत्तीस वर्षं तिथं नेमकं करत काय होता?"

शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही पुरती नाही. गुरुजींनी विचारलं, "पदार्थाच्या तीन अवस्था सांग." मी सांगितलं, "कच्चा, पिकलेला अन् नासलेला." गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं. तिथून जो निघालो तो थोडंफार इकडंतिकडं करून रेणापूर रोडच्या बर्फ कारखान्यात येऊन थांबलो. गुरुजींना पाहिजे होत्या त्या तिन्ही अवस्था तिथं रोज कामावर हजर असतात.

आमच्या धंद्यात माल साठवता येत नाही. लादी डब्यातून निघाली की तिचं पाणी व्हायला सुरुवात. किस्से मात्र साठतात. दोन माणसं भुशाच्या ढिगावर टेकली की एक किस्सा पडतो, अन् तो तिथून कुणी झाडून काढत नाही.

माणसं फार नाहीत. मालक मल्लिकार्जुनआप्पा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अन् विश्वास फक्त त्या दोन्हींवर. त्यांची सून वैशालीताई, माहेर नांदेड, रसायनशास्त्रात एम.एस्सी. मशीनवर खाजाभाई. अन् टाकीवर मी, व्यंकट. यातल्या खाजाचं नाक गेलं अन् ते लपवायचं काम माझ्याकडं आलं. तो सगळा इतिहास सांगतोच, पण आधी मुरुडच्या रसवंतीवाल्याचा किस्सा, कारण तो झाला तेव्हा खाजाचं नाक शाबूत होतं.

*

एप्रिलचं ऊन. मुरुडचा रसवंतीवाला उघड्या टेम्पोत दोन लाद्या घेऊन गेला. वर ना पोतं, ना भुसा. दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. "माझ्या लाद्या मुरुडला पोचेपर्यंत अर्ध्या झाल्या. तुमचा बर्फ कच्चा हाय."

आप्पा पूजेला बसले होते, म्हणून बोलायचं काम माझ्याकडं आलं. मी एकदम गंभीर तोंड करून म्हणालो, "कच्चा न्हाई मालक, पण वॉरंटी हाय. वितळलेलं पाणी जपून आणायचं, आम्ही परत गोठवून देतो."

चार दिवसांनी तो आला. टेम्पोत खाली ताडपत्री, ताडपत्रीच्या कोपऱ्याला बादली, अन् बादलीत पाणी. त्यात भुसा, एक मेलेला मुंगळा अन् उसाचं चिपाड. म्हणाला, "हे घ्या तुमचं पाणी. माझा बर्फ द्या."

मी हसत आत पळालो. आप्पांनी बाहेर येऊन सगळं ऐकून घेतलं. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी बादली उचलून माझ्या हातात दिली अन् म्हणाले, "व्यंकट, शब्द दिलास ना कारखान्याच्या नावानं? गोठव."

गोठवला. दुसऱ्या दिवशी मुंगळ्यासकट छोटी लादी त्याच्या हातात दिली. तो खूश. जाताना म्हणाला, "मुंगळा तेवढा काढून द्यायचा होता."

*

आता नाक.

आमच्याकडं थंडी करायचं काम अमोनिया करतो. तो बंद पाइपात फिरतो, पण पाइप म्हटला की कुठंतरी सांधा आला, अन् सांधा म्हटला की कधीतरी गळती आली. थोडा गळला तर पहिली खबर नाकाला लागते. जास्त झाला तर डोळे चुरचुरतात, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आप्पांचा नियम होता की ज्याला वास येत नाही त्यानं मशीनच्या खोलीत पाय टाकायचा नाही. पूर्वी एकाला असाच गेटवर खुर्ची टाकून बसवला होता.

मागच्या श्रावणात खाजाला ताप आला. आठ दिवसांनी परत कामाला लागला. आजारातून उठलेल्या माणसाची चेष्टा करू नये म्हणतात, पण तीस वर्षांच्या दोस्ताला असं वाऱ्यावर सोडायचं कसं? मी मूठभर सुकट कागदात बांधली अन् त्याच्या पेटीत पान्यांच्या खाली ठेवून दिली.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मलाच लांबून वास यायला लागला, खाजा निवांत. तिसऱ्या दिवशी दोन मांजरं पेटीवर चढून बसली. खाजा त्यांना म्हणतो, "क्या, मशीन शिकायचंय का?"

शेवटी मीच पेटी उघडून सुकट त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसला नाही, शिवी दिली नाही. तिथंच स्टुलावर बसला.

"तापानंतर काहीच येत न्हाई रे व्यंकट. चहा बी गरम पाणी वाटून राहिला."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो येईल, न्हाई तर न्हाई येणार." मग आवाज बारीक करून म्हणाला, "आप्पांना सांगू नको. एकतीस वर्षं झाली या मशीनवर. घरी झोपलो तरी कानात हीच चालू असती. गेटवर बसवलं तर मी आठ दिवस टिकणार न्हाई."

मी म्हणालो, "आजपासून माझं नाक ते तुझं नाक. मी दिवसभर इथंच टाकीवर असतो. वास आला की सांगतो."

त्यानं माझ्या नाकाकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "दुसरं कुणी हाय का?"

*

दिवाळीनंतर आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं अन् कारखाना वैशालीताई बघायला लागल्या. पहिल्याच दिवशी टाकीपाशी आल्या अन् म्हणाल्या, "मामा, मला समजावून सांगा. पाण्याचा बर्फ कसा होतो?"

एम.एस्सी. झालेली बाई सातवी नापासाला विचारतेय म्हटल्यावर मी खुलून गेलो. सांगितलं, "ताई, डब्यात साधं पाणी भरायचं. डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडायचे. मिठाच्या पाण्यातून अमोनियाच्या नळ्या जातात. अमोनिया आत येताना पातळ असतो, नळीत त्याला वायू व्हायचं असतं. वायू व्हायला ऊब लागती. स्वतःकडं तर न्हाई, मग तो मिठाच्या पाण्याची घेतो. मिठाचं पाणी डब्यातल्या पाण्याची घेतं. डब्यातल्या पाण्यानं कुणाची घ्यायची? ते बिचारं लादी होऊन बसतं."

"आणि तो वायू?"

"त्याला खाजा मशीनमध्ये पकडून दाबतो, गच्चीवर नेऊन अंगावर पाणी सोडतो. तिथं घेतलेली सगळी ऊब ओकून तो परत पातळ होतो अन् खाली यायला मोकळा."

ताईंनी सगळे टप्पे बोटांवर मोजले. म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्हाला याला दोन धडे होते."

एवढं ऐकल्यावर माणूस तिथं थांबेल का? मी म्हणालो, "ह्या नळीवर पांढरं साचलंय बघा, हवेतलं बाष्प हाय ते. नव्या माणसानं हात लावू नये. माझं वेगळं, मी छत्तीस वर्षं लावतोय." अन् पंजा नळीवर ठेवला. आत्ताच डबे भरले होते, हात ओला होता, हे ध्यानात राहिलं नाही. पंजा चिकटला. ओढला तर कातडी निघायची लक्षणं.

खाजा शेजारी चहा पीत उभा. हसून हसून त्याचा कप हलायला लागला. ताईंनी घाई केली नाही. आपल्या हातातला कोमट झालेला चहा हळूहळू माझ्या बोटांवर ओतला. बोटं सुटली.

मी म्हणालो, "ताई, तुमचा चहा वाया गेला."

"जाऊ द्या. दूध करपलेलं होतं, केवढा वास मारतोय." मग खाजाकडं वळून म्हणाल्या, "चाचा, तुम्ही दुसरा कप कसा काय पिताय?"

खाजाचा कप हलायचा थांबला. मी सुजलेली बोटं चोळत म्हणालो, "त्याच्या घरी असाच करतात ताई."

खाजाची बायको मला भेटली तर काय करेल, हा विचार नंतर आला.

*

मार्गशीर्षात मुरुडच्या एका लग्नासाठी मंडपवाल्यांनी हैदराबादहून ड्राय आइस मागवला होता. नवरानवरी स्टेजवर येताना ढगातून आल्यासारखं दिसावं म्हणून. वाटेत एक दिवस खोकी आमच्या शेडमध्ये ठेवली. आप्पा काठी टेकत बघायला आले, स्वतः वजन करवून घेतलं.

संध्याकाळी पुन्हा वजन केलं तर बराच कमी भरला.

आप्पांनी खोक्याच्या खाली हात फिरवला. कोरडं. फरशी कोरडी. शेडभर काठीनं टोचत फिरले, थेंब नाही. मग माझ्याकडं वळले. "व्यंकट, चाळीस वर्षं बर्फ बघतोय मी. बर्फ गेला तर पाणी राहतं. पाणी न्हाई म्हणजे बर्फ कुणीतरी नेला. कुठं ठेवलास?"

मी शपथ घेतली. आयुष्यभर चेष्टा केलेल्या माणसाच्या शपथेला किती किंमत असते ते त्या दिवशी कळलं. खाजा माझ्या बाजूनं बोलायला आला तर आप्पा म्हणाले, "तू गप बस, तुम्ही दोघं एकच."

ताईंनी येऊन सांगितलं, "आप्पा, हा पाण्याचा बर्फ नाही. हा गोठवलेला वायू आहे. हा पातळ होत नाही, सरळ उडून जातो."

आप्पा म्हणाले, "म्हणजे मधल्या स्टेशनावर उतरलाच न्हाई?"

"नाही उतरत."

आप्पांचा विश्वास बसेना. खुर्ची मागवली, काटा पुढ्यात घेतला, एक तुकडा त्यावर ठेवला अन् तासभर बघत बसले. काट्याचा आकडा उतरत गेला. पाणी आलं नाही. उठताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "असला माल आपल्या शेडमध्ये परत नको. ह्याच्यामुळं माणसावरचा विश्वास उडतो."

माझ्यावर तो होता, हे मला तेव्हाच समजलं.

*

आप्पांची एक सवय आहे. स्वतःचं चुकलं की दुसऱ्यांची परीक्षा घ्यायची. माघात, सीझन सुरू व्हायच्या आधी, त्यांनी जाहीर केलं, "सगळ्यांची नाकं तपासणार."

खाजाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन दिवस जेवला नाही. मला म्हणाला, "व्यंकट, मीच जाऊन सांगतो. निदान चोर तर ठरणार न्हाई."

"थांब. बाटल्या दोनच हायत. एकीत अमोनियाचं पाणी, एकीत साधं. मी आप्पांच्या मागं उभा राहतो. अमोनिया असला की कान खाजवतो."

"अन् मच्छर चावला तर?"

"तर चावू देतो."

परीक्षेचा दिवस आला. आप्पा खुर्चीत, ताई शेजारी, दोन्ही बाटल्यांना फडकं गुंडाळलेलं. माझा नंबर पहिला, मी पास. मग खाजा. आप्पांनी पहिली बाटली उघडून त्याच्या नाकाशी धरली. माझा हात कानाकडं निघाला तोवर खाजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाक गेलेलं असलं तरी एवढा जवळून अमोनिया झोंबतोच, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"बरोबर," आप्पा म्हणाले. दुसरी बाटली धरली. साधं पाणी. खाजा तरी रडतच होता. पहिल्या बाटलीला अमोनियानं, दुसऱ्या बाटलीला भीतीनं.

आप्पांनी बाटली स्वतः हुंगली, हलवून बघितली. "हे तर नळाचं पाणी हाय. ह्याला कामून रडतोस?"

मी म्हणालो, "आप्पा, मागचं चालू हाय अजून."

आप्पांनी खाजाला पास केलं. ताईंनी दोन्ही बाटल्यांना बूच लावलं अन् खाजाला डोळे पुसायला रुमाल दिला.

*

आता शेवटचा. फाल्गुनातला.

त्या आठवड्यात मला सर्दी झाली. नाक असं बंद की श्वाससुद्धा तोंडानं. खाजाला सांगितलं नाही. एक तर त्याला काळजी लागली असती. दुसरं म्हणजे, सात महिने दुसऱ्याचं नाक होऊन मिरवल्यावर आपलंच चोंदलंय हे सांगायला कसंतरी वाटतं. तो रोज सकाळी विचारायचा, "साफ?" मी म्हणायचो, "एकदम साफ."

दुपारी मशीनच्या खोलीत सावलीला बसून मी डबा खात होतो. डोळे चुरचुरत होते, ते मी सर्दीच्या खात्यावर टाकले. डोक्याच्या वर एक व्हॉल्व्ह. तेवढ्यात खाजा आला. हातात एक पेटलेली काडी, तिचा निळसर धूर. पाइपाच्या कडेकडेनं काडी फिरवत फिरवत तो माझ्यापर्यंत आला अन् काडी माझ्या डोक्याभोवती फिरवायला लागला.

मी म्हणालो, "काय रे, ओवाळतोस का मला?"

बघतो तर त्या निळसर धुराचा माझ्या टाळूवर पांढराफटक ढग झालेला. जितकी काडी माझ्याजवळ, तितका ढग दाट.

"उठ," खाजा म्हणाला. "डबा राहू दे. उठ अन् बाहेर हो."

मी उठलो, पण डबा घेऊनच. खाजानं तोंडाला ओलं फडकं बांधलं, व्हॉल्व्हवर ओलं पोतं टाकलं, पाना लावला, दोन फेऱ्या आवळल्या. सगळं मिळून चार मिनिटं. मशीनसुद्धा बंद करावी लागली नाही.

दारात ताई उभ्या. पदर नाकाला, डोळे लाल. "ऑफिसपर्यंत वास आला. मामा, तुम्ही त्याच्याखाली बसून जेवत होता? तुम्हाला वास नाही आला?"

"ताई, मला सर्दी हाय. अन् खाजाला तर कधीपासनंच..."

पुढचं गिळलं, पण तोवर बाहेर पडून गेलं होतं. सात महिने सांभाळलेली गोष्ट मी भाकरीच्या घासाबरोबर सांडली. खाजानं तोंडावरचं फडकं सोडलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"खरं हाय ताई," तो म्हणाला. "श्रावणापासून वास येत न्हाई. आप्पांना सांगा. मी चावी देतो." अन् खिशातून पेटीची चावी काढून त्यानं समोर धरली.

ताईंनी चावी घेतली नाही. "मग गळती कळली कशी?"

"गंधकाची काडी. जुने मिस्त्री वापरायचे. अमोनिया भेटला की धूर पांढरा होतो. वास न्हाई तर न्हाई, दिसतो तर."

"आज कशी काय लावली?"

"रोजच लावतो. दर अर्ध्या तासाला." त्यानं मशीनच्या मागून पत्र्याचा एक डबा ओढून काढला. जळक्या काड्यांनी काठोकाठ भरलेला. असे आणखी दोन डबे मागं होते. मी रोज त्या मशीनच्या पुढ्यात बसत होतो, मागं कधी बघितलं नव्हतं.

ताईंनी डब्यातल्या काड्यांवरून बोट फिरवलं. "चाचा, चावी खिशात ठेवा. तुम्ही मशीनवरच राहाल. आप्पांशी मी बोलते. आणि गळती ओळखायचं यंत्र मागवते, इथून पुढं कारखाना कुणाच्याच नाकावर चालणार नाही." मग माझ्याकडं वळल्या. "मामा, तुम्ही सर्दी जाईपर्यंत बाहेर भुसा चाळा."

त्या गेल्या. खाजा स्टुलावर बसला. चावी किती तरी वेळ मुठीत धरून होता. मला वाटलं आता हा काहीतरी चांगलं बोलेल. बोलला नाही, म्हणून मीच सुरुवात केली.

"खाजा, आजचं जाऊ दे. पण सात महिने मी तुझं नाक होतो का न्हाई? एक शब्द तरी बोल."

खाजा म्हणाला, "सात महिन्यांत तीनदा तू वास आला म्हणून ओरडलास. तिन्ही खेपेला कुणाचा तरी जेवणाचा डबा उघडला होता."